बोटीवरचा फोन

जून महिन्यात मुलीकडे कॅनडाला गेले होते आणि तिथून सगळ्यांबरोबर सात दिवसांची अलास्काची क्रूझ करून आले, हे तुम्हां बहुतेकांना माहीत आहेच. परत आल्यापासून जो भेटतो तो काही ना काही विचारतो. मला वाटलं होतं, लोक हिमनद्यांबद्दल विचारतील, देवमासे दिसले का म्हणून विचारतील. शाकाहारी माणसाच्या जेवणाचे हाल झाले का, हा तर आपल्याकडचा हक्काचा प्रश्न. पण नाही. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, "बोटीवर फोन लागत होता का हो?"

लागत होता. पैसे मोजले की लागतो. पण मी माझा फोन बंदरात उतरल्यावर तेवढा चालू करत होते आणि बोटीवर परत चढले की बंद. हे सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक काहीतरी म्हणतो. एक तर, "वा! म्हणजे खरी विश्रांती झाली तुमची." नाही तर, "अहो, आणि मागे घरी काही झालं असतं म्हणजे?"

पहिल्या मंडळींना माझं वागणं पटलेलं असतं, पण भलत्याच कारणासाठी. दुसऱ्या मंडळींचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. तो मला स्वतःला जायच्या आधी महिनाभर छळत होता. म्हणून त्याचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवते. लांबण लागेल, पण तुम्हांला सवय आहे.

आधी थोडी तांत्रिक माहिती. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, ही माहिती जावयांनी कागदावर चित्र काढून मला समजावली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना समजावत आल्यामुळे मला समजावून घ्यायलाही आवडतं.

भर समुद्रात मोबाइलचा टॉवर कुठून येणार? म्हणून बऱ्याच बोटींवर त्यांचा स्वतःचा छोटा टॉवर असतो. म्हणजे उंच खांब वगैरे नाही, बोळांमधून आणि जिन्यांजवळ लहान लहान अँटेना बसवलेले असतात. तुमचा फोन त्यांना जोडला जातो, तिथून संदेश उपग्रहाकडे जातो आणि उपग्रहाकडून जमिनीवरच्या केंद्राकडे. फोनच्या पडद्यावर नेहमीच्या कंपनीच्या जागी 'सेल्युलर ॲट सी' असं काहीतरी दिसायला लागतं. ते दिसलं की समजावं, रिक्षाचं मीटर पडलं! कारण हे जाळं ना भारताचं, ना कॅनडाचं, ना अमेरिकेचं. आपण निघताना मोठ्या हौसेने घेतलेलं देशांचं रोमिंग पॅक तिथे सहसा चालत नाही. युरोपात १५ जून २०१७ पासून असा नियम आहे की युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरात चालावं. पण बोटीवरच्या उपग्रहाच्या जाळ्याला तो नियमसुद्धा लागू नाही. समुद्रावर माणूस कायद्याच्याही थोडा पलीकडे जातो म्हणायचा.

बोट किनाऱ्याजवळ आली की हे जाळं बंद करतात. साधारण बारा सागरी मैलांच्या, म्हणजे बावीसेक किलोमीटरच्या आत जमिनीवरच्या कंपन्यांचं राज्य सुरू होतं. मग फोन कधी कॅनडाचा टॉवर पकडतो, कधी अमेरिकेचा. आणि मध्ये बराच वेळ नुसतं जंगल आणि डोंगर, तिथे काहीच पकडत नाही.

आमच्या जेवणाच्या टेबलावर नागपूरचं एक जोडपं होतं. गृहस्थ फार सज्जन, पण फोन खिशात चालूच ठेवायचे. त्यांनी कुणाला फोन केला नाही की कुणाचा घेतला नाही. नुसता खिशातला फोन आपलं आपण काम करत राहिला. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे फुलांचे फोटो, 'सुप्रभात', 'शुभ सकाळ', कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचा व्हिडिओ, सगळं उपग्रहावरून खाली उतरत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कंपनीचा मेसेज आला. तो वाचून त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. काकू म्हणाल्या, "किती?" ते म्हणाले, "नंतर सांगतो." त्यावरून आम्ही काय ते समजलो.

आणखी एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. फोनचं घड्याळ जो टॉवर मिळेल त्याची वेळ दाखवतं. व्हँकूवर आणि अलास्का यांच्यात एक तासाचा फरक आहे. बोट मात्र बोटीच्या घड्याळाने चालते आणि बोटीच्याच घड्याळाने सुटते. उशीर झालेल्या प्रवाशासाठी ती थांबत नाही. म्हणून मनगटावर साधं घड्याळ असावं आणि ते बोटीच्या वेळेला लावावं. माझ्या निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेलं घड्याळ मी इतकी वर्षं कपाटात ठेवलं होतं, ते तिथे उपयोगी पडलं.

पण पैसे आणि घड्याळ ही काही माझी खरी कारणं नाहीत. पैशांचं म्हणाल तर बोटीवरचं इंटरनेटचं पॅकेज घेता येतं, मुलीने स्वतःसाठी घेतलंही होतं. आणि आता ते चांगलं चालतं. पूर्वी बोटी ज्या उपग्रहांवर अवलंबून असत ते विषुववृत्ताच्या वर जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटरवर असतात. आपला शब्द तिथे जाऊन खाली येणार आणि त्याचं उत्तर पुन्हा त्याच वाटेने येणार, यात अर्धा सेकंद सहज जातो. शिवाय अलास्का इतकं उत्तरेला, की तिथून हे उपग्रह क्षितिजाच्या जेमतेम वर असतात. मध्ये डोंगर आला की संपलं. २०२२ पासून मोठ्या क्रूझ कंपन्यांनी स्टारलिंकसारखी व्यवस्था घ्यायला सुरुवात केली. हे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात आणि संख्येने हजारो आहेत. त्यामुळे आता बोटीवरून व्हिडिओ कॉलसुद्धा होतो.

माझ्या मते खरा फरक इथे पडला. पूर्वी "बोटीवर फोन लागत नाही" एवढं सांगितलं की विषय मिटायचा. समुद्र आपल्या वतीने नाही म्हणत होता. आता नाही म्हणायचं तर ते आपल्यालाच म्हणावं लागतं, आणि आपल्या माणसांना तोंडावर नाही म्हणणं किती अवघड असतं ते तुम्हांला सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. माझी थोरली बहीण, आमच्या ताई, चिपळूणला मुलाकडे असते. वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. मनाने खणखणीत, शरीराने अगदीच थकलेली. आम्ही पाच भावंडांतल्या आता दोघीच उरलो आहोत. कॅनडाला जायचं ठरलं तेव्हाच माझ्या मनात होतं की ही परत भेटते की नाही. आणि मुलगी जेव्हा म्हणाली, "आई, सात दिवस बोटीवर जाऊ या," तेव्हा तर मी नाहीच म्हणत होते.

जायच्या आधी चिपळूणला जाऊन राहिले चार दिवस. ताईला सगळं सांगितलं. समुद्रावर फोन बंद ठेवायचा विचार आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मी काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे होय? आणि गेलेच तर तू तिथून येऊन काय करणार? मुकाट्याने जा आणि बर्फ बघून ये." मग थोड्या वेळाने म्हणाली, "फोटो मात्र आण. छापून आण. त्या फोनमधले मला दिसत नाहीत."

तिने विनोदात सांगितलं, पण प्रश्न खरा आहे. तू येऊन काय करणार? मी त्याचा हिशोब मांडला. जुनो ही अलास्काची राजधानी, पण तिथून बाहेर जायला रस्ताच नाही. विमान नाही तर बोट. जुनोहून सिअॅटल किंवा व्हँकूवर, तिथून दिल्ली नाही तर मुंबई, मुंबईहून चिपळूण. सगळी विमानं वेळेवर मिळाली तरी अडीच-तीन दिवस. कुणीही माझ्यासाठी तेवढं थांबणार नव्हतं, आणि थांबूही नये. म्हणजे बातमी मला तत्काळ कळली असती, पण माझा उपयोग शून्य. मी बोटीच्या केबिनमध्ये बसून रडले असते आणि नातवाने माझ्या पाठीवरून हात फिरवला असता. रडायचं तर ते दोन दिवसांनीही तितकंच खरं असतं.

बातमी कळणं आणि उपयोगी पडणं या दोन गोष्टी आपण फोनमुळे एक करून टाकल्या आहेत असं मला फार वाटतं. हातात फोन आहे, ताबडतोब कळतं आहे, म्हणजे आपण काळजी घेतो आहोत, असं मनाला वाटायला लागतं. तिकडे औषध पाजणारा, चादर बदलणारा, डॉक्टरला गाठणारा माणूस वेगळाच असतो. आपण फक्त त्याला दर तासाला विचारत असतो, "आता कसं आहे?" आणि त्याचं अर्धं लक्ष आपल्याला उत्तर देण्यात जातं.

म्हणून मी भाच्याबरोबर बसून व्यवस्था ठरवली. ताईच्या फायलीच्या प्रती, डॉक्टरांचे नंबर, शेजारचे कोण रात्री धावून येतील, पैसे कुठे आहेत, हे सगळं कागदावर. बोटीच्या कंपनीचा तातडीचा नंबर, बोटीचं नाव, आमच्या केबिनचा नंबर हेही त्याच कागदावर. मी म्हटलं, "तुला माझ्याकडून काही हवं असेल, निर्णय, सही, पैसे, तर या नंबरवर बेधडक फोन कर. नुसती बातमी असेल तर मी बंदरात उतरेन तेव्हा वाचेन." बंदरांचे दिवसही लिहून दिले. जुनो, स्कॅगवे, मग एक दिवस ग्लेशियर बे, तिथे उतरायचं नसतं, मग केचिकान. अलास्का उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. जुनोत सकाळचे आठ म्हणजे चिपळूणला रात्रीचे साडेनऊ, ताई जेवून पडलेली असते ती वेळ. ती आमच्या बोलण्याची वेळ ठरली.

भाचा सगळं ऐकून म्हणाला, "मावशी, तू निर्धास्त जा. मी आहे ना इथे." हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

जुनोला बोलणं झालं. स्कॅगवेला झालं. त्यानंतरचा दिवस ग्लेशियर बेचा.

त्या दिवसाबद्दल थोडं लिहायलाच हवं. १७९४ साली व्हँकूवर या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसं तिथे आली तेव्हा खाडी अशी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. ती भिंत तेव्हापासून शंभरेक किलोमीटर मागे हटली आहे आणि मोकळ्या झालेल्या पाण्यातून आता आपल्या बोटी आत जातात. राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी असते. उद्यानाचे रेंजर लहान होडीने येऊन आपल्या बोटीवर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. शेवटी मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर बोट थांबते आणि हळूहळू गोल फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं.

हिमनदीच्या कड्यावरून बर्फाचे तुकडे पाण्यात कोसळतात. लांबून तुकडा पडताना दिसतो, आणि आवाज मागाहून येतो, ढग गडगडावेत तसा. तिथले मूळचे लोक, त्लिंगित, या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात. आवाज ऐकून मान वर केली तर उशीर झालेला असतो, तुकडा केव्हाच पाण्यात गेलेला. ज्यांची नजर आधीपासून कड्यावर होती त्यांनाच तो दिसतो. आमच्या शेजारी एक बाई घरच्यांना व्हिडिओ कॉलवरून हिमनदी दाखवत होत्या. "दिसतंय का? आता दिसतंय का? थांब, हलू नकोस," असं त्यांच्या भाषेत चाललं असावं. तीन वेळा गडगडलं आणि तिन्ही वेळा त्या फोनमध्ये बघत होत्या. मी त्यांना हसत नाही. त्यांच्या घरी कुणी ताईसारखं असेल. पण एकदा तरी त्यांना दिसायला हवं होतं. आमचा तेरा वर्षांचा नातू मात्र दीड तास कठड्याला टेकून उभा होता. फोन त्याच्याही खिशात होता, पण त्याने काढला नाही. मी काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केचिकानला उतरून फोन चालू केला तर भाच्याचा मेसेज. "आईला परवा रात्री हॉस्पिटलमध्ये ठेवलं. सोडियम कमी झालं होतं, असंबद्ध बोलत होती. आता सुधारणा आहे. उद्या बहुतेक घरी. काळजी करू नकोस. तुझ्याकडून काही लागलं नाही म्हणून बोटीवर फोन केला नाही."

म्हणजे मी हिमनदीसमोर उभी होते तेव्हा ताई हॉस्पिटलमध्ये होती. मला वाईट वाटलं का? वाटलं तर. धक्क्यावरच्या बाकावर पाच मिनिटं बसून राहिले. पण मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, की कळलं असतं तर काय केलं असतंस? भाच्याला दहा फोन केले असते. सलाईन कुठलं लावलं, हे विचारलं असतं, जसं काही मला त्यातलं कळतं. मुलीचा, जावयांचा, नातवाचा तो दिवस गेला असता. ताईच्या सोडियममध्ये माझ्या फोनने तिळभर फरक पडला नसता. तिच्यासाठी जे करायचं होतं ते मी निघण्याआधी चार दिवस तिच्याजवळ बसून आणि तो कागद लिहून केलं होतं.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई एकांगी लिहितात. समुद्रावरच्या मुकेपणाचं मला काडीचंही कौतुक नाही. मी कोकणातली आहे. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती आणि मुंबईला खबर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आमच्या लहानपणी घरोघरी ती गोष्ट सांगितली जायची. आणि अलीकडचं उदाहरण घ्या. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आपटली. बोटीवरून अधिकाऱ्यांना सांगितलं जात होतं की फक्त वीज गेली आहे. खरी खबर किनाऱ्यावर पोचली ती एका प्रवाशाने घरी केलेल्या फोनवरून. घरच्यांनी पोलिसांना कळवलं, पोलिसांनी तटरक्षकांना. बत्तीस माणसं त्या अपघातात गेली. म्हणजे फोन बरोबर हवा, चार्ज केलेला हवा. मी फोन बंद ठेवा म्हणते, घरी ठेवा म्हणत नाही.

पण याच इतिहासात दुसरंही उदाहरण आहे. १९१२ साली टायटॅनिकवर श्रीमंत प्रवाशांसाठी घरी तारा पाठवायची सोय होती. पहिल्या दहा शब्दांना बारा शिलिंग सहा पेन्स. आदल्या दिवशी यंत्र बिघडल्यामुळे तारांचा ढीग साचला होता. १४ एप्रिलच्या रात्री जवळच्या कॅलिफोर्नियन नावाच्या बोटीने बर्फाची सूचना द्यायचा प्रयत्न केला तेव्हा टायटॅनिकचा तारमास्तर प्रवाशांच्या तारा पाठवण्यात गुंतलेला होता, त्याने त्यांना गप्प बसायला सांगितलं. कॅलिफोर्नियनचा तारमास्तर मग यंत्र बंद करून झोपला. पुढे १९१४ सालच्या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या बोटींवर चोवीस तास कुणीतरी बिनतारी यंत्रापाशी ऐकत बसलं पाहिजे असं ठरलं. मला यातलं एकच महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांनी बोलत राहण्याची गरज नसते. एकाने जागं राहण्याची असते.

आणि आता भाच्याच्या त्या वाक्याकडे येते. "मी आहे ना इथे." माझा फोन सात दिवस शांत राहिला तो काही माझ्या मनोनिग्रहामुळे नाही. तिकडे चिपळूणला एका माणसाचा फोन रात्रंदिवस चालू होता म्हणून राहिला. त्याने दोन वर्षांत कुठे प्रवास केलेला नाही. त्याच्या बायकोनेही नाही. 'फोन बंद ठेवा आणि निसर्गाशी एकरूप व्हा' असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. ज्याच्यामागे कुणीतरी आहे त्यालाच फोन बंद ठेवता येतो. हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याने आपली विश्रांती कुणाच्या डोक्यावर उभी आहे ते एकदा मान वळवून बघावं.

बोटीवरही असंच आहे. आमची केबिन साफ करणारा मुलगा गोव्याचा, मडगावच्या जवळपासचा. मी मराठी बोलते हे कळल्यावर माझ्याशी कोकणी-मराठी मिसळून बोलायला लागला. 'आंटी' म्हणायचा. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर जातात, त्यांना तारवटी म्हणतात. याचे आजोबा मालवाहू बोटीवर होते. हा आठ-नऊ महिन्यांच्या करारावर. घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी. तो निघाला तेव्हा मुलगी रांगत होती, चालायला लागलेली त्याने फोनवरच पाहिली.

बंदरात उतरल्यावर मी एक गोष्ट रोज बघत होते. आपण प्रवासी दुकानांकडे आणि सहलींच्या बसकडे धावतो, आणि बोटीवरची कामाची माणसं, फिलिपिन्सची, इंडोनेशियाची, आपल्याकडची, जिथे फुकट वायफाय मिळेल तिथे भिंतीला टेकून बसतात. प्रत्येकाच्या समोर हातभर अंतरावर फोन आणि फोनमध्ये कुणाचं तरी घर. एक-दीड तासाची सुट्टी, ती अशी जाते. हिमनद्या त्यांनी पुष्कळ पाहिलेल्या असतात.

म्हणजे बघा, एकाच बोटीवर घराचा फोन येऊ नये म्हणून धडपडणारे आपण आणि घरी फोन लागावा म्हणून धडपडणारे ते. दर्यावर्दी कामगारांसाठी २००६ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती लागू झाली. बोटीवर काम करणाऱ्यांना घरच्यांशी संपर्काची सोय, शक्य तिथे इंटरनेट, आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी, असं तिच्यात आहे. फार चांगली गोष्ट. पण 'शक्य तिथे' आणि 'वाजवी' हे शब्द किती लवचीक असतात, हे शाळेत वेतनश्रेण्यांचे शासन निर्णय वाचलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझं मत विचाराल तर बोटीवरचं इंटरनेट प्रवाशांना महाग असलं तरी चालेल, काम करणाऱ्यांना ते फुकट मिळालं पाहिजे. सुट्टीवर असलेल्या माणसाला फोन ही चैन आहे. नऊ महिने घर सोडून राहिलेल्या माणसाला तो जेवणाइतका आवश्यक आहे. आपण तिकिटासाठी एवढे पैसे मोजतो, बुकिंग करताना आणि नंतर अभिप्रायाचा फॉर्म भरताना एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत आहे? मी लिहिलं. मुलीने इंग्रजी तपासून दिलं.

ताई घरी आली, बरी आहे. फोटो छापून नेले. हिमनदीचा फोटो तिने बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "एवढा बर्फ, आणि तुझ्या डोक्याला स्कार्फ नाही." भाच्याला आणि सूनबाईंना मी सांगितलं आहे की दिवाळीनंतर आठ दिवस मी चिपळूणला येऊन राहणार आणि त्या दोघांनी कुठेतरी जायचं. कुठे ते त्यांनी ठरवावं.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये माझी पुतणी आणि तिचे यजमान बार्सिलोनाहून भूमध्य समुद्राच्या क्रूझला निघाले आहेत. परवा ती विचारायला आली होती, इंटरनेटचं पॅकेज घेऊ का म्हणून. तिला म्हटलं, तुला ऑफिसचं काम असेल तर घे, आईच्या काळजीपोटी नको घेऊस. बोट सुटायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाक, म्हणजे नागपूरकरांसारखं होणार नाही. बँकेच्या ओटीपीवर अडेल असं काही काम मागे ठेवू नकोस. बंदरांचे दिवस आणि तिथल्या वेळा कागदावर लिहून मला दे, बोटीचा तातडीचा नंबरही दे. मनगटी घड्याळ ने. जाऊबाई दोन गल्ल्यांवर राहतात, त्यांच्या गोळ्यांचा डबा रविवारी मी भरेन, रात्री झोपण्यापूर्वी एकदा जाऊन येईन. त्यांच्या डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे आहेच.

"आणि काकू, काही झालंच तर?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्याकडून काही लागलं तर रात्री दोन वाजतासुद्धा बोटीवर फोन करीन. नाही लागलं तर बंदरात सांगेन. तुझा फोन बंद असू दे, माझा चालू आहे.